घसरत्या चाकाच्या बाजूने

खरं सांगा, तुम्ही कधी स्कूटरवरून पडला असाल, तर नक्की कशामुळे पडलात?

"चाक घसरलं म्हणून," असं तुम्ही म्हणणार. सगळेच म्हणतात. वाळू होती, शेण होतं, कोणीतरी ऑइल सांडलं होतं, चाक घसरलं आणि आपण आडवे झालो. ट्रॅकवर कामाला लागेपर्यंत मीही हेच उत्तर दिलं असतं. आता देत नाही. आता मी उलट विचारते: चाक घसरल्यावर तुम्ही काय केलंत? घाबरून ब्रेक दाबलात ना? ॲक्सिलरेटर एकदम सोडलात ना? मग सगळा आळ त्या बिचाऱ्या चाकावर कशाला?

हा लेख त्या चाकाची बाजू मांडण्यासाठी आहे. बाजू मांडणं ही आमच्या घरची सवय. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या युनियनचं काम करायचे. घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. पलंगाखाली पत्रकं, पिठाच्या डब्यावर पत्रकं, दाराच्या फटीतही घडी घातलेली पत्रकं. मी अक्षरं त्यांच्यावरूनच शिकले, त्यामुळे शाळेतल्या निबंधातही माझ्या गाईला शिंगांबरोबर मागण्या असायच्या. बाईंनी वडिलांना बोलावून विचारलं, "ही 'गाय' या विषयावर शेवटी 'झालंच पाहिजे' का लिहिते?" वडील म्हणाले, "गाईची बाजू कोणीतरी घ्यायला हवी." तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. लेखात जागोजागी उद्गारचिन्हं दिसली तर ती माझी, दिसली नाहीत तर संपादकांची कृपा.

माझा धंदा टायरचा. इथे अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या गणपतीत कोणीतरी कोणाला तरी सांगितलं, "ती टायरच्या दुकानात असते म्हणे," आणि पुढे एका काकूंनी मला त्यांच्या गाडीचं पंक्चर दाखवलं. मी ते काढून दिलं, पण माझं काम ते नव्हे. स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात मी रबराचा अभ्यास केला, मग ओहायोतल्या ॲक्रनच्या एका टायर कंपनीत लागले, आणि कंपनीने मला तिच्या ट्रकबरोबर मोटरसायकल शर्यतींना पाठवायला सुरुवात केली. शनिवार-रविवार आमचा ट्रक कुठल्या ना कुठल्या राज्यात ट्रॅकच्या मागे उभा असायचा. आत रबराचा आणि पेट्रोलचा वास, बाहेर रांगेत टीमचे तंबू. रायडर यायचे, त्यांच्या गाडीला कोणता टायर लावायचा हे मी ठरवायचे, आणि मर्ल नावाचा आमचा जुना फिटर तो रिमवर चढवायचा.

ट्रकचा एक नियम होता. मी पिवळ्या खडूने टायरच्या कडेवर खूण केल्याशिवाय मर्ल तो मशीनवर घेत नसे. खूण म्हणजे मी तो टायर हाताने तपासला आहे, तो कोणाच्या गाडीला, कोणत्या बाजूने फिरणार आहे हे मला माहीत आहे, आणि काही झालं तर मी जबाबदार आहे. कंपनीचे मोठे साहेब जरी येऊन उभे राहिले तरी मर्ल विचारायचा, "खडू कुठेय?"

सुरुवातीला माझ्याबद्दल रायडर लोकांचा एक पक्का गैरसमज होता. भारतीय बाई, नावापुढे शिक्षणाचं काहीतरी, म्हणजे डॉक्टर. ते मला "डॉक" म्हणायचे आणि दुखणी घेऊन यायचे. एकजण टेक्ससचा, टायर घ्यायला आला आणि आ करून म्हणाला, "डॉक, हा मागचा दात बघ ना." मी म्हटलं, "मी फक्त रबर बघते." तो म्हणाला, "बघायला काय जातंय?" मी पाहिलं. दात कुजला होता. तेवढं मलाही कळलं. दुसरा एक होता, त्याचा टायर मी डाव्या हाताने उचलला की तो रागवायचा, म्हणायचा, मागच्या वेळी तू डाव्या हाताने दिलास आणि माझी साखळी तुटली. त्याच्यासाठी मी उजवा हात राखून ठेवला. तत्त्वाचा प्रश्न नव्हता, म्हणून वाद घातला नाही.

आता थोडं धंद्याचं सांगते, म्हणजे पुढची गोष्ट कळेल.

शर्यतीच्या मोटरसायकलच्या टायरला खाचा नसतात. तो गुळगुळीत असतो. लोकांना वाटतं, झिजलेला आहे. खाचा लागतात त्या पावसात पाणी बाजूला काढायला. कोरड्या रस्त्यावर जितकं जास्त रबर जमिनीला टेकेल तितकं चांगलं. आणि टेकतं तरी किती? तुमच्या तळहाताएवढं. ताशी शंभर मैलांवर वळणात आडवा झालेला माणूस, त्याचं इंजिन आणि त्याची पुढची सगळी वर्षं त्या तळहातावर असतात.

गाडी वळते ती झुकून. जितकी जास्त झुकेल तितकी जास्त वळेल, पण झुकण्याला मर्यादा आहे, आणि मर्यादेवर इंजिनची ताकद वापरता येत नाही. बऱ्याच ठिकाणी रायडरला हेच शिकवलं जायचं की दोन्ही चाकं एका रेषेत ठेव, रुळावरच्या गाडीसारखा जा, चाक घसरू देऊ नकोस. मग अमेरिकेत काही पोरं आली, ती मातीच्या ट्रॅकवर वाढलेली. ती वळणात मुद्दाम मागचं चाक बाहेर घसरवायची. ॲक्सिलरेटर देऊन मागचं चाक थोडं सुटतं करायचं, गाडीचं तोंड आपोआप वळणाच्या आत फिरतं, मग झुकलेली गाडी लवकर उभी करायची आणि सरळ रस्त्यावर सगळी ताकद सोडायची. हँडल उजवीकडे, गाडी डावीकडे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा पडतोय. तो पडत नव्हता, वळत होता.

मग माणसं मरतात कशाने? ऐका. मागचं चाक बाहेर घसरलेलं असताना रायडर घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो. चाकाला एकदम पकड मिळते. बाजूला दाबलेली स्प्रिंग उसळते, गाडी झटक्याने उभी होते आणि वरच्या माणसाला हवेत फेकते. घसरणं मारत नाही. घसरताना अचानक मिळालेली पकड मारते. हे वाक्य मला कोणी पत्रकावर छापू दिलं असतं तर मी प्रत्येक तंबूवर चिकटवलं असतं!

हे वाक्य मला दोन माणसांनी मिळून दिलं. त्यातले एक भागवत काका.

काका मूळचे नागपूरचे, हाडांचे डॉक्टर, ओहायोत बरीच वर्षं. त्यांच्या गावाजवळ झाडीत एक ट्रॅक आहे. तिथे शर्यत असली की ते हौसेने ॲम्ब्युलन्सवर बसायचे. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा पांढऱ्या टोपीतला एक गृहस्थ आमच्या ट्रककडे बघत उभा होता. मी मर्लला काहीतरी सांगताना चुकून "अरे देवा" म्हटलं, तर तो गृहस्थ जवळ येऊन म्हणाला, "देव इथे फार बिझी असतो. तू कुठली गं?"

मी सांगितलं. म्हणाले, "इचलकरंजी? आणि इथे काय विकतेस, साड्या?"

"टायर."

"वा. म्हणजे आपण पार्टनर. तुझं काम फेल झालं की माझं सुरू."

मग दर शर्यतीला त्यांचा डबा आमच्या ट्रकवर यायचा. काकूंच्या हातचं तिखट. मर्ल पोळी-भाजी गुंडाळून खायचा आणि डोळ्यांत पाणी आलं तरी थांबायचा नाही. एकदा मी काकांना विचारलं की तुमच्याकडे येणाऱ्यांत फरक दिसतो का. ते म्हणाले, "फार सिम्पल आहे. जे घसरून पडतात ते चालत येतात, खरचटलेलं असतं, मलम लावतो, शिव्या देत परत जातात. जे फेकले जातात ते येत नाहीत. त्यांच्याकडे मला पळावं लागतं."

दुसरा माणूस डेल. ओक्लाहोमाचा, लांब हाताचा, बोलायला आळशी. जत्रेतल्या मातीच्या ट्रॅकवर जिंकत आलेला, आणि पहिल्यांदाच एका मोठ्या टीमने डांबरी शर्यतीसाठी घेतलेला. त्याचा टायर परत आला की मी बघत राहायचे. इतरांचा टायर ओरबाडलेला असायचा. डेलचा टायर एकसारखा झिजलेला, सहाणेवर घासल्यासारखा. म्हणजे तो जास्त घसरवत होता, पण धक्के देत नव्हता. उजव्या बाजूला मात्र तसं नव्हतं. तिथे ओरखडे होते. मी त्याला विचारलं, "उजवीकडे काय होतं तुला?"

तो म्हणाला, "रविवारी ये. दाखवतो."

तो मला एका काउंटी फेअरला घेऊन गेला. आपली गावची जत्राच ती. डुकरांचं प्रदर्शन, तळलेल्या पिठावर साखर, ट्रॅक्टरांची ओढाओढ, आणि मधे मातीचा लंबगोल ट्रॅक. डेलने डाव्या बुटाखाली लोखंडी पत्रा बांधला. वळणात तो पाय जमिनीवर टेकवून सरकवायचा असतो. सगळ्या गाड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, म्हणून प्रत्येक वळण डावीकडचं.

"कळलं?" तो धुळीने माखून परत आल्यावर म्हणाला. "लहानपणापासून फक्त डावीकडे घसरतोय. डावीकडे मला विचार करावा लागत नाही. उजवीकडे करावा लागतो."

"आणि विचार करायला वेळ नसतो."

"म्हणून टायरने जरा हळू बोलावं एवढंच मागणं आहे. पुढचं चाक एकदाच सांगतं आणि तू खाली असतेस. मागचं दिवसभर बोलत असतं. पण काही टायर बोलता बोलता एकदम ओरडतात. ते मला नकोत."

मला हे मोजता येत होतं. मऊ रबर जास्त पकडतं, पण सतत घसरवलं की तापतं, तापलं की तेलकट होतं, सुटतं, आणि मग क्षणभर थंड झालं की पुन्हा एकदम धरतं. कडक रबर कमी पकडतं, लवकर घसरतं, पण घसरतं ते हळूहळू आणि धरतं तेही हळूहळू. सुईचं थर्मामीटर रबरात खुपसून मी प्रत्येक वेळी बघायचे. डेलच्या मऊ टायरची उजवी कड निळसर झालेली असायची. निळा रंग म्हणजे रबर शिजलं.

आता मूळ गोष्टीवर येते. काकांच्याच गावाजवळचा ट्रॅक, उन्हाळा, रविवारची शर्यत. टीमचा मॅनेजर रॉन. वाईट माणूस नव्हता. स्वतः रायडर होता, गुडघ्यात खिळे होते, आणि त्याच्यावर वरून दबाव होता. त्याने डेलला सांगून ठेवलं होतं: पहिल्या तिघांत ये, नाहीतर पुढच्या वर्षी तुझी गाडी दुसऱ्याला देतो, तू तुझ्या मातीत परत जा. हे सगळ्यांना माहीत होतं. डेलने ते मला नुसतं खांदे उडवून सांगितलं, पण त्या दिवसांत तो हाताची नखं खायला लागला होता.

कंपनीने नवा मऊ टायर पाठवला होता. सरावात डेल त्याच्यावर फार वेगात गेला. रॉन खूश. मी टायर उतरवून पाहिला, उजवी कड निळी. या ट्रॅकवर उताराला एक उजवं वळण आहे, बाहेरच्या बाजूला भिंत, भिंतीपुढे गवताचे भारे. गवताचे भारे! माणसाच्या मानेसाठी कोणी एवढंच करावं यावर मी वेगळं पत्रक लिहीन.

मी रॉनला टायर दाखवला. "शर्यतीला हा नको. कडक लावू."

"घड्याळ बघितलंस?"

"घड्याळ सुरुवातीच्या चकरांचं सांगतंय. शेवटच्या चकरांत हा सुटेल आणि एकदम धरेल. त्या उजव्या वळणावर."

"माझा दुसरा रायडर मऊवरच जातोय. त्याला काही होत नाही."

"तो घसरवत नाही. तो रेषेत जातो. त्याला मऊच बरोबर आहे."

"मग डेलनेही रेषेत जावं."

"रॉन, त्याला रेषेत जायचं असतं तर तू त्याला घेतलाच नसतास."

रॉनला हे आवडलं नाही. "आशा, टायर बनवायचं काम तुझ्या कंपनीचं. ठरवायचं काम माझं. मऊ लाव."

आणि तिथे माझ्या आतली सगळी पत्रकं एकदम फडफडली. मी म्हटलं, "मी खूण करणार नाही."

मर्लने हातातलं मशीनचं हँडल खाली ठेवलं.

"हे काय आता?" तो म्हणाला. "संप?"

"हो."

"एकटीचा?"

"सुरुवात एकटीनेच होते."

"माझं जेवण व्हायचंय अजून," मर्ल म्हणाला, आणि टायरवर बसला. खूण नाही तर काम नाही, नियम म्हणजे नियम. त्याला वाटत होतं मी वेडी आहे, तो तसं म्हणालाही, पण मशीनला हात लावला नाही. त्या माणसाचे माझ्यावर किती उपकार आहेत हे त्याला सांगितलं तर तो शिवी देईल, म्हणून इथे मराठीत लिहिते.

रॉन ओरडला. माझ्या साहेबांना फोन करतो म्हणाला. मी म्हटलं, कर. गर्दी जमली. भागवत काका आले, त्यांनी प्रकार ऐकला आणि मला बाजूला घेऊन मराठीत म्हणाले, "अगं, इथे कुठे मोर्चा काढतेस? घोषणा कोण देणार, बाहेरच्या शेतातली मक्याची कणसं?"

"काका, तुम्ही त्या वळणावरच असता ना?"

"असतो."

"तुम्हाला पळायचंय का?"

त्यांनी उतारावरच्या त्या वळणाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "तुझी डिमांड काय आहे ते नीट सांग त्याला. नुसतं नाही म्हणून भागत नाही. तुझ्या वडिलांनी एवढं तरी शिकवलं असेल."

बरोबर होतं. मागणीशिवाय संप म्हणजे रुसवा. मी रॉनकडे गेले. "माझी एकच मागणी आहे. डेलला बोलाव. दोन्ही टायर त्याच्यापुढे ठेव. तू तुझं सांग, मी माझं सांगते. तो ज्याच्यावर हात ठेवेल त्याच्यावर मी खूण करीन. मऊवर ठेवला तर मऊवर."

"रायडरला विचारायचं? रायडरला विचारलं तर तो रोज नवं इंजिन मागेल."

"तिथे भिंत आहे रॉन. भिंतीकडे तू जाणार नाहीस, मी जाणार नाही. जो जाणार त्याला विचार."

रॉन म्हणाला, "मी त्याच्यापुढे सीटचंही, म्हणजे पुढच्या वर्षीच्या गाडीचंही, बोलणार. ते लपवणार नाही."

"लपवू नकोस. त्याला सगळंच कळायला हवं."

डेल आला. रॉनने प्रामाणिकपणे सांगितलं: मऊ टायर वेगवान आहे, सुरुवातीला पुढे जाशील, पहिल्या तिघांत येण्याची ही तुझी संधी आहे, कडक घेतलास तर सुरुवातीलाच मागे पडशील. खरं होतं ते सगळं. मग मी टायरची निळी कड त्याच्या बोटाला लावली. म्हटलं, "हा पहिल्यांदा फार छान वागेल. शेवटी ओरडेल. आणि ओरडेल तो उजवीकडे."

"आणि कडक?"

"कडक पहिल्यापासून वाईट वागेल."

"पूर्ण शर्यतभर वाईट?"

"पूर्ण. पण एकसारखा वाईट."

डेल म्हणाला, "मला काहीतरी खाऊ दे."

तो खरंच निघून गेला. आम्ही सगळे उभे. तुम्ही कधी कोणाच्या हातात त्याचाच निर्णय देऊन पाहिलं आहे का? फार अवघड जातं. मला पुन्हा पुन्हा वाटत होतं की त्याच्या मागे जावं, हात जोडावेत, म्हणावं कडक घे बाबा. रॉनलाही वाटत असणार की जावं आणि सीटची आठवण करून द्यावी. आम्ही दोघेही एकमेकांवर नजर ठेवून जागेवर उभे राहिलो. डेल काडीवरचं सॉसेज खात परत आला, दोन्ही टायरांकडे बघितलं, आणि मोकळा हात कडकवर ठेवला.

"वाईटाबरोबरच वाढलोय मी," तो म्हणाला. "वाईट चालेल."

मी खूण केली. रेघ वाकडी आली. मर्लने टायर मशीनवर घेतला.

शर्यत मी काकांबरोबर त्या उजव्या वळणाच्या कुंपणाशी उभी राहून पाहिली. रॉन म्हणाला तेच झालं. डेल सुरुवातीलाच मागे पडला. त्याच्या टीमचा दुसरा रायडर मऊ टायरवर रेषेत, सफाईने पुढे निघून गेला. डेल प्रत्येक वळणात मागचं चाक बाहेर काढत, आडवा तिडवा, एकेकाला गाठत होता. प्रत्येक चकरेला तो आमच्या समोर उतारावर यायचा, मागचं चाक सुटायचं, काळी रेघ उमटायची, आणि गाडी हळूच सरळ व्हायची. काका म्हणाले, "हे बघून माझं ब्लडप्रेशर वाढतं. ह्याला आर्ट म्हणायचं की काय?"

शेवट जवळ आला तेव्हा डेल पाचवा होता आणि चौथ्याच्या पाठीशी. उतारावर त्याने आतून घुसायचं ठरवलं. चाक सुटलं ते नेहमीपेक्षा जास्त. इतकं की गाडी जवळजवळ आडवी, तिचं मागचं टोक भिंतीकडे. कुंपणावरचे लोक किंचाळले. काकांनी बॅग उचलली होती. मी डोळे मिटले, पण कान मिटता येत नाहीत. मी इंजिनचा आवाज ऐकत होते. आवाज एकदम बंद झाला तर त्याने ॲक्सिलरेटर सोडला, आणि सोडला तर तो हवेत.

आवाज बंद झाला नाही. जरासा खाली आला, दम धरल्यासारखा, आणि तसाच राहिला.

मी डोळे उघडले. चाक हळूहळू, अगदी हळूहळू, रेषेत येत होतं. डेलचा एक पाय पेगवरून, पाय ठेवायच्या दांडीवरून, सुटला होता, पण तो गाडीवर होता. पुढच्या क्षणी तो सरळ रस्त्याला लागला, चौथ्याच्या पुढे.

काकांनी बॅग खाली ठेवली. "उगाच उठलो," ते म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढून मला दिला. मला कळलं नव्हतं की मी रडत होते.

डेल चौथा आला. पहिल्या तिघांत नाही. आणि शर्यत कोणी जिंकली? मऊ टायरवाल्या रायडरने. हे मला लिहावंच लागेल, कारण पत्रकात खोटं छापायचं नाही हाही आमच्या घरचा नियम. रॉन ट्रकशी आला, म्हणाला, "मऊ जिंकला." जो अपघात झालाच नाही त्याचा फोटो कोणाकडे असतो? मी म्हणू शकत होते की मऊ असता तर. पण "असता तर" वर कोणाला पटवता येत नाही. मी "अभिनंदन" म्हटलं आणि जिंकलेला टायर तपासायला घेतला. डेल येऊन माझ्याशेजारी उकिडवा बसला, आपल्या टायरवर पंजा ठेवला, म्हणाला, "शेवटपर्यंत तेच बोलत होता. एक शब्द बदलला नाही." मग उठून लंगडत तंबूकडे गेला. पेगवरून पाय सुटला तेव्हा घोटा मुरगळला होता. काकांनी त्याला मलम दिलं. तो शिव्या देत चालत गेला. चालत!

पुढच्या शर्यतीपर्यंत मला झोप नव्हती. डेलची सीट गेली असेल, माझ्या संपामुळे गेली असेल, असं वाटत होतं. पुढची शर्यत व्हर्जिनियात होती. सकाळी ट्रकचं दार उघडलं तर बाहेर रॉन उभा. त्याच्या एका बाजूला जिंकलेला रायडर, दुसऱ्या बाजूला डेल, टीमच्या कपड्यांत, तोंडात पाव.

रॉन माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्यांना विचार."

मी आधी जिंकलेल्याला विचारलं, "तुला कोणता?"

तो गोंधळला. "मला? मला आजवर कोणी विचारलं नाही." मग दोन्ही टायर बोटांनी दाबत त्याने खूप वेळ घेतला. किती बारीक प्रश्न विचारले त्याने! थंडीत काय होतं, ब्रेकवर काय होतं, पावसाआधीच्या दमट हवेत काय होतं. एवढी वर्षं हे सगळं त्याच्या पोटात होतं, आणि ऐकायला समोर कोणी नव्हतं. शेवटी त्याने मऊच घेतला. त्याच्या धाटणीला तोच योग्य होता, मी आनंदाने खूण केली. डेलने त्या दिवशी, मला न पटणारा, डावीकडे मऊ आणि उजवीकडे कडक असा दुहेरी टायर मागितला. मी माझं म्हणणं सांगितलं, त्याने ऐकून घेतलं, आणि तोच मागितला. खूण केली.

मला माझ्या कडक टायरचा विजय हवा होता. तो मिळाला नाही. मिळालं ते त्याहून मोठं होतं. त्यानंतर आमच्या ट्रकवर प्रत्येक टीमचा रायडर स्वतः येऊ लागला. रॉनने कधी माफी मागितली नाही, कधी कबूल केलं नाही, पण इतर मॅनेजरांना तोच सांगायचा, "आधी विचारा, नाहीतर ती बाई दुकान बंद करते." त्याचेही माझ्यावर उपकार आहेत. वादात हरलेल्या माणसाने दार उघडं ठेवावं, हे जिंकलेल्यानेही क्वचित केलेलं मी पाहिलं आहे.

आता मी ट्रकवर नसते. ॲक्रनमध्ये टेबलाशी बसून नव्या टायरांचे नकाशे मंजूर करते. मला ट्रकची आठवण येते, मर्लच्या शिव्यांची येते, आणि रबर जळण्याचा वास आला की अजून मान वळते. टेबलावरून कोणाची भिंत दिसत नाही, ही टेबलाची खोड आहे. म्हणून मी उठते. दर आठवड्याला एकदा खाली कारखान्यात जाते, जे हातांनी तापलेलं रबर साच्यातून काढतात त्यांना विचारते, हे असं चालेल का? बऱ्याचदा चालत नाही. परत येऊन नकाशा बदलते.

हा अंक वाचणाऱ्यांत डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, खात्यांचे प्रमुख आहेत. म्हणजे रोज काही ना काही तुमच्यापुढे मंजुरीला येतं. कोणाची कामाची पाळी, कोणाचं यंत्र, कोणाचं ऑपरेशन, कोणाचा रस्ता. माझी तुम्हाला एक विनंती आहे, आणि ती मी हात जोडून करते आहे, कारण आपल्या हातात फार काही असतं आणि आपल्याला ते दिसत नाही. या आठवड्यात, अशा एका कागदावर सही करण्याआधी, खुर्चीतून उठा. ज्याच्या अंगावर ती सही पडणार आहे त्या माणसापर्यंत चालत जा. तुम्हाला जे माहीत आहे ते सगळं, त्याला नको असलेलंही, त्याला सांगा. मग विचारा, तुला काय हवं? आणि त्याला जेवून यायचं असेल तर जेवून येऊ द्या. तोपर्यंत पेनाचं टोपण काढू नका.